मेस्त्रींचा कॅमेरा

सिनेमा पाहायला कोणाला आवडत नाही? परभणीच्या उरुसात तुम्ही आकाशपाळण्यात बसता, मौत का कुआँ पाहता, मिठाई खाता. पूर्वी अशा उरुसांत आणि जत्रांत तंबूतला सिनेमाही येत असे. लोक जमिनीवर बसून तो पाहत. आता सिनेमा खिशातल्या मोबाइलमध्ये आला आहे आणि त्याच मोबाइलवर चित्रणही करता येते. पण शंभर वर्षांपूर्वी आपल्या महाराष्ट्रात एक कारागीर होऊन गेला. त्याला सिनेमा काढायचा होता, पण विलायती कॅमेरा विकत घेण्याएवढे पैसे त्याच्याजवळ नव्हते. म्हणून त्याने कॅमेराच स्वतःच्या हाताने बनवला. पुढे साध्या, गरीब घरांतल्या तरुणांना जवळ करून त्याने त्यांना सिनेमाचे सगळे काम शिकवले. त्या तरुणांनी काढलेले सिनेमे परदेशातही गाजले. त्या कारागिराचे नाव बाबूराव पेंटर.

पेंटर हे त्यांचे खरे आडनाव नव्हे. त्यांचे पूर्ण नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात त्यांचा जन्म झाला. वडील कृष्णराव हे हुन्नरी माणूस होते. लाकूडकाम, लोहारकाम, चित्रे काढणे, मूर्ती घडवणे, सगळे त्यांना येत असे. घरात पुस्तकांपेक्षा हत्यारे जास्त होती. बाबूरावांचे शाळेतले शिक्षण फारसे झाले नाही. त्यांची खरी शाळा म्हणजे वडिलांची कामाची जागा. पटाशी कशी धरावी, लोखंड कधी ठोकावे, रंगात तेल किती घालावे, हे त्यांनी पाहून पाहून शिकून घेतले.

आनंदराव हे नात्याने त्यांचे भाऊ. दोघांची जोडी सख्ख्या भावांसारखी होती. दोघांनाही चित्रकलेचे वेड होते. कोणत्याही कला-महाविद्यालयात न जाता ते उत्तम चित्रकार झाले. त्या काळात संगीत नाटकांची मोठी धूम होती. नाटकात राजवाडा, जंगल, रस्ता, देऊळ हे सगळे मोठमोठ्या कापडी पडद्यांवर रंगवलेले असे. पडदा वर गेला की राजवाडा नाहीसा होई आणि मागून जंगल दिसे. हे पडदे रंगवण्यात आनंदराव आणि बाबूराव यांचा हात धरणारा कोणी नव्हता. केशवराव भोसले यांची ललितकलादर्श मंडळी, बालगंधर्वांची नाटक मंडळी अशा नामांकित कंपन्यांसाठी त्यांनी पडदे रंगवले. लोक त्यांना पेंटर म्हणू लागले. मेस्त्री हे आडनाव मागे पडले आणि पेंटर हेच नाव कायम झाले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र हा चित्रपट आला. भारतीय माणसाने काढलेला तो पहिला मोठा कथाचित्रपट मानला जातो. तो मूकपट होता, म्हणजे त्यातली माणसे हलत, चालत, रडत, पण त्यांचा आवाज ऐकू येत नसे. हा चित्रपट पाहून आनंदराव आणि बाबूराव भारावून गेले. आपले पडदे कितीही सुंदर असले, तरी ते जागेवरच थांबलेले असतात. इथे तर पडद्यावर झाडाची पाने हलत होती! दोघांनी ठरवले, की आता आपणही चित्रपट काढायचा.

ठरवणे सोपे होते. चित्रपटासाठी कॅमेरा लागतो आणि तो विलायतेहून येत असे. १९१४ साली युरोपात पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी माल मिळणे अवघड झाले. शिवाय पडदे रंगवणाऱ्यांच्या कमाईत असा कॅमेरा परवडणारा नव्हता. दोघा भावांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून चित्रपट दाखवण्याचे एक जुने यंत्र, म्हणजे प्रोजेक्टर, मिळवले. ते खोलून त्यांनी त्याचा एकेक भाग न्याहाळला. जे यंत्र फिल्म पुढे सरकवून चित्र दाखवते, जवळजवळ तसेच यंत्र चित्र टिपूही शकेल, असा त्यांचा विचार होता आणि तो बरोबर होता.

हे काम किती नाजूक आहे ते थोडे समजून घेऊ. सिनेमाचे चित्र खरे तर हलत नसते. फिल्मच्या लांब पट्टीवर लहान लहान स्थिर चित्रे एकापुढे एक असतात. मूकपटांच्या काळी एका सेकंदाला साधारण सोळा चित्रे घेत. कॅमेऱ्याच्या बाजूला हँडल असे. ते हाताने सेकंदाला दोन वेळा, एकाच गतीने फिरवावे लागे. फिल्म भिंगासमोर येऊन क्षणभर अगदी स्थिर थांबली पाहिजे. मग झडप बंद झाली पाहिजे. झडप बंद असतानाच फिल्म पुढे सरकली पाहिजे आणि पुन्हा थांबली पाहिजे. हे सेकंदाला सोळा वेळा! दाते असलेले एखादे चाक केसाएवढे जरी चुकले, तरी चित्र थरथरते किंवा फिल्म फाटते. आत कुठून उजेड शिरला, तर सगळी फिल्म वाया जाते. असे यंत्र कोल्हापुरातल्या कारागिरांना हाताने बनवायचे होते.

काम चालू असतानाच घाला आला. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांचा भाऊ, दोस्त आणि उस्ताद तिन्ही एकदम गेले. दुसरा कोणी असता तर त्याने अर्धवट कॅमेरा कपाटात ठेवून दिला असता. बाबूराव मुळात अबोल. ते आणखी गप्प झाले, पण त्यांनी काम सोडले नाही. आनंदरावांच्या हाताखाली तयार झालेले विष्णुपंत दामले त्यांच्या मदतीला होते. दामले मूळचे पेणचे. यंत्रांची त्यांना उपजत समज होती. दोघांनी मिळून भाग घडवले, कानशीने घासले, जोडले, मोडले, पुन्हा जोडले. अखेर १९१८ च्या सुमारास कॅमेरा तयार झाला आणि त्याने चित्र टिपले. कोल्हापूरच्या लोकांना आजही या कॅमेऱ्याचा अभिमान वाटतो.

आता प्रश्न होता पैशांचा. सावकार आणि व्यापारी अशा नव्या धंद्यात पैसा घालायला तयार नव्हते. तेव्हा तानीबाई कागलकर नावाच्या गायिका पुढे आल्या. त्यांनी आपल्या गाण्याच्या कमाईतून भांडवल दिले. हे वाचून तुम्हांला नवल वाटेल, पण महाराष्ट्रातल्या एका मोठ्या चित्रपट कंपनीचा पाया एका गायिकेच्या पैशांवर उभा आहे. दुसरी मदत आली छत्रपती शाहू महाराजांकडून. हे तेच शाहू महाराज, ज्यांनी आपल्या कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे उघडली. मुस्लिम मुलांसाठीही १९०६ साली त्यांनी कोल्हापुरात शिक्षणसंस्था उभी करवली. गुणी माणूस दिसला की महाराज त्याची जात किंवा घराणे पाहत नसत. त्यांनी बाबूरावांना जागा दिली आणि विजेच्या यंत्रासारखी मोलाची मदत केली. अशा रीतीने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

कंपनी हा शब्द ऐकून मोठ्या इमारतीचे चित्र डोळ्यांपुढे आणू नका. ती एक कामाची जागा होती आणि त्याहून जास्त ती एक शाळा होती. फी नव्हती, पुस्तक नव्हते, परीक्षा नव्हती. उस्तादाजवळ राहायचे आणि पडेल ते काम करायचे. आज जो रंग कालवतो आहे तो उद्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवेल, परवा भाला घेऊन सैनिकाच्या पोशाखात उभा राहील. बाबूराव स्वतः बोलून फार शिकवत नसत. ते करून दाखवत. प्रत्येक प्रसंगाचे चित्र ते आधी कागदावर काढत. राजाचा मुकुट कसा, दासीचे लुगडे कोणत्या रंगाचे, खांबावर नक्षी कोणती, सगळे त्या चित्रात असे. शागिर्दांनी ते पाहायचे आणि तसे उभे करायचे. मनासारखे झाले नाही तर मोडून पुन्हा.

या शाळेत कोण कोण आले? कागलचे शेख फत्तेलाल आले. तेही आनंदरावांच्या हाताखाली शिकलेले चित्रकार. सगळे त्यांना प्रेमाने साहेबमामा म्हणत. नेपथ्य, म्हणजे महाल, वाडे, झोपड्या उभ्या करणे, हे त्यांचे खास काम झाले. केशवराव धायबर आले आणि कॅमेरा चालवण्यात तरबेज झाले. १९२० साली एक एकोणीस वर्षांचा मुलगा आला. त्याचे नाव शांताराम वणकुद्रे. घरची परिस्थिती बेताची. शाळा सुटलेली. हुबळीच्या रेल्वे कारखान्यात तो काम करून आला होता. त्याचे नातलग बाबूराव पेंढारकर या कंपनीत होते, त्यांच्या ओळखीने त्याला प्रवेश मिळाला. झाडणे, सामान वाहणे, फिल्म धुणे, अभिनय करणे, हा मुलगा कोणत्याच कामाला नाही म्हणत नसे. हाच मुलगा पुढे व्ही. शांताराम म्हणून सगळ्या देशाला माहीत झाला.

दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम. कोणी ब्राह्मण, कोणी मुसलमान, कोणी मराठा, कोणी जैन वडिलांचा मुलगा. एकाच छपराखाली सगळे राबत होते. त्यांच्यापैकी कोणाकडेही मोठी पदवी नव्हती, घरचा पैसा नव्हता. त्या वेळी मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांत सिनेमाचे काम हलके समजले जाई. त्यामुळे या धंद्याचे दार अशा मुलांसाठी उघडे राहिले, असे मला वाटते. पण दार उघडे असून भागत नाही. आत कोणीतरी शिकवणारा असावा लागतो.

हलके समजले जाण्याचा सर्वांत जास्त त्रास स्त्रियांना झाला. फाळके यांच्या राजा हरिश्चंद्रमध्ये तारामतीचे काम एका पुरुषाने केले होते, कारण काम करायला कोणी स्त्री मिळाली नव्हती. बाबूरावांना स्त्रीची भूमिका स्त्रीनेच केलेली हवी होती. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी तयार झाल्या. पडद्यावर त्यांची नावे कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी लावली गेली. पण सिनेमात काम केले म्हणून त्यांच्याच समाजाने त्यांना वाळीत टाकले. शेवटी कंपनीच्या आवारातच त्यांच्या राहण्याची सोय करावी लागली. टाळ्या मिळवणारे पुष्कळ असतात. या दोघींना आधी दगड सोसावे लागले.

कंपनीचा पहिला यशस्वी चित्रपट सैरंध्री. तो फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. महाभारतातल्या द्रौपदीची ती कथा. तिला त्रास देणाऱ्या कीचकाला भीम ठार मारतो, हा प्रसंग बाबूरावांनी इतका खरा वाटेल असा घेतला होता, की प्रेक्षक घाबरून किंचाळले. पुढे तो भाग काढून टाकावा लागला. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहिला आणि बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टिळकांचे निधन झाले.

यानंतर चित्रपट येतच गेले. सुरेखाहरणमध्ये शांतारामांना पहिली महत्त्वाची भूमिका मिळाली. १९२३ साली सिंहगड आला. तानाजी मालुसरे रात्रीच्या अंधारात गड चढून जातात, ती कथा तुम्ही इतिहासात वाचली आहे. तोपर्यंत आपल्याकडे चित्रण सूर्याच्या उजेडातच होत असे. ढग आले की काम बंद. बाबूरावांनी विजेचे दिवे लावून रात्रीची दृश्ये घेतली. रात्र रात्रीसारखी दिसली. भारतीय चित्रपटात कृत्रिम प्रकाशाचा असा उपयोग पहिल्यांदा झाला तो इथे. या चित्रपटाला इतकी गर्दी झाली, की ती पाहूनच मुंबई सरकारला करमणूक कर बसवण्याची कल्पना सुचली, असे सांगतात. रंगवलेले पडदे मागे लावण्याऐवजी लाकूड-मातीची खरी वाटणारी घरे आणि वाडे उभे करणे, हीही त्यांची सुधारणा. गंमत पाहा. ज्यांनी पडदे रंगवून नाव मिळवले, त्यांनीच सिनेमातून रंगवलेला पडदा हद्दपार केला. जाहिरातीची मोठी चित्रेही ते स्वतः रंगवत. १९२४ चा त्यांचा कल्याण खजिना लंडनजवळच्या वेम्बली येथील प्रदर्शनात दाखवला गेला आणि तिथे त्याला पदक मिळाले.

पण माझ्या मते त्यांचा सर्वांत मोठा चित्रपट १९२५ चा सावकारी पाश. त्यात देव नाहीत, राजे नाहीत, लढाया नाहीत. एक शेतकरी आहे. सावकार खोट्या कागदाने त्याची जमीन गिळतो. शेतकरी गाव सोडून शहरात जातो आणि गिरणीत मजूर होतो. एवढीच कथा. ती नारायण हरी आपटे यांनी लिहिली होती आणि शेतकऱ्याचे काम शांतारामांनी केले. ज्यांनी तो चित्रपट पाहिला होता, त्यांना त्यातली अंधारी झोपडी आणि जवळ रडणारे कुत्रे अनेक वर्षांनंतरही आठवत होते. आपल्या परभणी जिल्ह्यातल्या ज्या मुलांच्या घरी कापूस आणि ज्वारी पिकते, त्यांना ही कथा समजावून सांगायची गरज नाही. पाऊस गेला, कर्ज वाढले, वडील ऊसतोडीला किंवा पुण्याला कामाला गेले, असे घर प्रत्येक वर्गात असते. शंभर वर्षांपूर्वी बहुतेक सिनेमे पुराणातल्या गोष्टी सांगत असताना बाबूरावांनी असे घर पडद्यावर आणले. तिकीटबारीवर मात्र हा चित्रपट फारसा चालला नाही. लोकांना तेव्हा देव आणि चमत्कार पाहायचे होते. बाबूरावांना पुन्हा पौराणिक आणि ऐतिहासिक कथांकडे वळावे लागले.

आता थोडी कडू गोष्ट सांगायला हवी. बाबूराव कलावंत म्हणून फार मोठे होते, पण कंपनी चालवणे हे वेगळे काम आहे. मनासारखे होईपर्यंत ते दृश्य पूर्ण करत नसत. त्यामुळे चित्रपट हळूहळू तयार होत. मुंबईच्या कंपन्या तेवढ्या वेळात कितीतरी चित्रपट बाजारात आणत. हिशेब, भागीदारी, पगार यांकडे बाबूरावांचे लक्ष कमी. शागीर्द आता मुले राहिली नव्हती. त्यांना संसार होते. १९२७ च्या नेताजी पालकर या चित्रपटाचे दिग्दर्शन शांतारामांनी केले होते. आपण स्वतंत्रपणे काम करू शकतो, हे त्यांना आणि इतरांना कळून चुकले होते. १९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम हे चौघे एकदमच बाहेर पडले. सीतारामपंत कुलकर्णी यांना बरोबर घेऊन १ जून १९२९ रोजी त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी सुरू केली.

चूक कोणाची? शागिर्दांना कृतघ्न म्हणणे सोपे आहे. पण ज्याला हुन्नर आला त्याला स्वतःचे दुकान मांडावेसे वाटणारच. आणि उस्तादाचे दुःखही खोटे नव्हते. ज्यांना त्यांनी रंग कालवण्यापासून तयार केले, ते चारही हात एकाच वेळी गेले. थोड्याच काळात महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. त्यातच बोलपट आले आणि मूकपटांचा जमाना संपला.

प्रभातची कहाणी मोठी आहे, ती थोडक्यात सांगतो. १९३२ साली त्यांनी अयोध्येचा राजा हा पहिला मराठी बोलपट काढला. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली. १९३६ चा संत तुकाराम हा चित्रपट दामले आणि फत्तेलाल या दोघांनी दिग्दर्शित केला. मुंबईत तो एका थिएटरात वर्षाहून जास्त काळ चालला आणि १९३७ मध्ये इटलीतल्या व्हेनिस येथे त्याचा गौरव झाला. वारकऱ्यांच्या घराघरांत पोहोचलेल्या या चित्रपटाच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक शेख फत्तेलाल होते, हे वर्गात सांगितले की माझे विद्यार्थी दर वर्षी मान वर करून पाहतात.

बाबूराव रिकामे बसले नाहीत. त्यांनी काही बोलपट केले. १९३६ साली सावकारी पाश पुन्हा, या वेळी बोलपटाच्या रूपात, काढला. मूळ चित्रपट चालला नव्हता, तरी त्या कथेवरचा त्यांचा विश्वास गेला नव्हता. उरलेला वेळ ते चित्रे आणि पुतळे यांत घालवत. हातात पुन्हा कुंचला आला, माती आली.

मग वर्षे गेली. शांताराम प्रभातमधूनही बाहेर पडले आणि मुंबईत त्यांनी राजकमल कलामंदिर ही स्वतःची संस्था काढली. तिथे १९४७ साली लोकशाहीर राम जोशी हा चित्रपट तयार झाला. त्याच्या दिग्दर्शनासाठी शांतारामांनी आपल्या उस्तादांना बोलावले. अठरा वर्षांपूर्वी जो शागीर्द सोडून गेला होता, त्याच्या स्टुडिओत बाबूराव आले आणि कॅमेऱ्याजवळ उभे राहिले. चित्रपट चालला. पडद्यावर दोघांची नावे दिग्दर्शक म्हणून लागली.

१६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात बाबूरावांचे निधन झाले. प्रभात कंपनीही पुढे बंद पडली. पुण्यातल्या तिच्या जागेवर १९६० साली भारत सरकारने चित्रपट शिकवणारी संस्था उघडली. देशभरातून मुले-मुली आजही तिथे परीक्षा देऊन प्रवेश घेतात. दामले आणि फत्तेलाल ज्या स्टुडिओत काम करत, तिथे आता विद्यार्थी कॅमेरा लावतात.

बाबूरावांचे बहुतेक मूकपट आज उरलेले नाहीत. त्या काळची फिल्म लवकर पेट घेई, नाहीतर आपोआप कुजून जाई. काही तुकडे पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात जपलेले आहेत, पण १९२५ चा सावकारी पाश कोणालाच पाहता येत नाही. कोल्हापुरात खरी कॉर्नरजवळ कॅमेऱ्याचा एक स्तंभ उभारलेला आहे. दर वर्षी १ डिसेंबरला तिथले चित्रपटातले कामगार, कलावंत आणि तंत्रज्ञ एकत्र येतात, त्या कॅमेऱ्याला हार घालतात आणि मग आपापल्या कामाला जातात.